सात इंजिनं आणि चाकांचा एकच संच

सावेडीतल्या मार्तंडराव मुळ्यांकडे रेल्वेची सात इंजिनं आहेत. हातभर लांबीची, खेळण्यातली. पण त्यांच्यासमोर खेळणी म्हणालात तर चहासुद्धा मिळायचा नाही, मॉडेल म्हणायचं! चार डिझेलची, तीन विजेवरची, सगळी पन्नास-साठ वर्षांपूर्वीची, पुण्याच्या जुन्या बाजारातून वेचून आणलेली. सरकारी कचेरीत जन्मभर दुसऱ्यांच्या फायलींवर शेरे मारलेल्या या माणसाने संग्रह जमवल्यापासून जे नाकाने कांदे सोलायला घेतले, ते काही विचारू नका. म्हणे, जिल्ह्यात असा संग्रह दुसरा नाही. अहो, कसा असेल? एवढा रिकामा वेळ दुसऱ्या कुणाला आहे?

आता आतली गोष्ट. त्यातलं चालणारं इंजिन एकच. बाकी सहांच्या पोटाखालची मोटर आणि चाकं केव्हाच गायब झालेली. मार्तंडरावांनी हात टेकले; त्यांच्या बायकोने, इंदूताईंनी, टेकले नाहीत. सातही इंजिनं पिशवीत घालून त्या रिक्षाने नागापूरला मच्छिंद्र टर्नरकडे गेल्या. तीन खेपा घातल्या. उरलेल्या सहाही सांगाड्यांना आतून एकाच मापाची पट्टी बसवून घेतली. झालं! छपराचं झाकण उचलायचं, एक स्क्रू काढायचा, मोटरीसकट चाकांचा संच खाली उतरतो. तोच दुसऱ्याला लावला की ते धावायला लागतं.

"काकू, लई झ्याक जमलंय हे," मच्छिंद्र म्हणाला होता. मार्तंडराव काय म्हणाले? "पट्टीचा रंग जरा भडक झालाय."

त्यांना हवं होतं पुण्याच्या रेल्वे-मॉडेल मंडळाचं सभासदत्व. त्यासाठी निदान पाच चालू इंजिनं लागतात. तीन वर्षं अर्ज करून झाले, आणि शेवटी एका रविवारी मंडळाच्या निवेदिताबाई तपासणीला आल्या. जेवणाच्या टेबलावर रूळ मांडलेले. मार्तंडराव इंजिन फिरवून दाखवायचे, ते आत पाठवायचे आणि घाटातल्या गाड्यांच्या इतिहासाचा पट्टा सोडायचे. तेवढ्यात स्वयंपाकघरात इंदूताई पोह्यांच्या कढईशेजारी चाकं बदलायच्या. "इंदू, पुढचं आण गं!" अशी ऐटीत हाक. पाच इंजिनं अशी बिनबोभाट धावली.

सहावं निवेदिताबाईंनी उचललं आणि उलटं केलं. "या चाकावरचा निळा ठिपका मघाच्या इंजिनावरही होता."

मार्तंडरावांनी इंजिन परत घ्यायला घाईने हात पुढे केला. गेलं सभासदत्व!

पण बाई चक्क हसल्या. "एका संचावर सगळी? अहो, प्रत्येक कंपनीचं माप वेगळं. आमच्याकडे भल्याभल्यांना हे जमलेलं नाही. असं डोकं आम्हाला हवंच आहे. केलं कुणी?"

"मी," मार्तंडराव म्हणाले. काय माणूस आहे! निदान "आम्ही" तरी म्हणायचं.

"मग आमच्यासमोर एकदा बदलून दाखवा ना."

इंदूताई सातवा सांगाडा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि स्क्रू ड्रायव्हर नवऱ्याच्या हातात दिला. मार्तंडरावांनी चाकं असलेलं सहावं इंजिन उलटं केलं, आडवं केलं, चष्मा वर सरकवला, खाली ओढला. पोटाखाली स्क्रू काही सापडेना.

"इंदू, अगं, तो हा…"

"शोधा," इंदूताई खुर्ची ओढून बसल्या. "राग आलाय मला. मी नाही सांगणार."

पंख्याखाली बसून मार्तंडरावांना दरदरून घाम फुटला. शेवटी त्यांनी निमूटपणे स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. इंदूताईंनी झाकण उचललं, अर्ध्या मिनिटात चाकं इकडून तिकडे केली, आणि सातवं इंजिन रुळावर सुसाट पळालं.

निवेदिताबाईंनी पर्समधून सभासदत्वाचा फॉर्म काढून इंदूताईंपुढे सरकवला. मार्तंडरावांनी मात्र हाय खाल्ली नव्हती. बायको सभासद झाली तरी काय? मधलं नाव आपलं, आडनाव आपलं. मंडळाच्या यादीत मार्तंड मुळे छापून येणारच! मनातल्या मनात त्यांनी ते वाचूनही घेतलं.

इंदूताईंनी फॉर्म भरला. इंदू वामन घैसास. माहेरचं नाव, ठसठशीत अक्षरात.

मार्तंडरावांनी तो वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. त्यांचं नाव कुठेच नव्हतं.

"इथं साक्षीदार म्हणून सही करा," इंदूताई म्हणाल्या.

त्यांनी केली.