लिंबोणीची खालची फांदी

आमचे मालक दौंडला रेल्वेत गँगमन. नोकरीभर रूळ तपासत चालले आणि रिटायर होऊन गावी निमोण्याला आले, तर वर्षाच्या आत अर्धांगाचा झटका आला. डावं अंग लुळं पडलं. चालता-फिरता माणूस खाटेवर पडला की घरादारावर चिडतो. ताट ढकलून द्यायचे. "बसून खाणारा हाय मी आता, कशाला वाढती?" म्हणायचे. मी तरी कुठली गरीब गाय! म्हटलं, "मग अंगणात पडा, कोंबड्या तरी हाकला."

खाट लिंबोणीखाली टाकली. एक फांदी त्यांच्या उजव्या हाताशी यायची. तिच्या कोवळ्या पानांत नागअळी शिरलेली. ही पान आतनं खात जाते, मागं पांढरी वाकडीतिकडी रेघ ठेवते, मग पान चुरगळतं. हे रेघेवर बोट ठेवून सावकाश पुढं जायचे आणि शेवटाला अंगठ्यानं अळी चिरडायचे. "घावली गं!" असं ओरडायचे. मी चुलीपुढून म्हणायचे, "व्हय व्हय, रेल्वेनं मेडल धाडलंय, आणते थांबा!" पण तेव्हापासनं ते पोटभर जेवायला लागले.

मुलगा दौंडलाच नोकरीला. एका रविवारी तो फवारणीचा पंप घेऊन आला. त्याला गोठ्यामागं नेऊन सांगितलं, "सगळ्या झाडाला मार, तेवढी खालची फांदी सोड. तिच्यावर अळ्या ऱ्हाऊ दे."

"आई, येड लागलं का?"

"त्यांचं काम हाय ते," म्हटलं.

यंदाच्या थंडीत ते गेले. होळीच्या आधी लिंबोणीला नवी पालवी फुटली. मुलानं नेहमीसारखं झाड फवारलं आणि खालची फांदी सवयीनं सोडली. वरती सगळं हिरवंगार, आणि ह्या फांदीवर रेघाच रेघा. हे होते तोवर एकही रेघ पानाच्या कडेपर्यंत पोचली नव्हती. आता सगळ्या कडेपर्यंत गेलेल्या. मी त्यांच्या खाटेवर बसले, एका रेघेवर बोट ठेवून शेवटापर्यंत गेले. आत काहीच नव्हतं, अळी पाखरू होऊन उडून गेलेली. मग मात्र मला आवरेना. हुंदक्यावर हुंदके.

मुलगा पंप घेऊन माझ्यामागं उभा. हळूच म्हणाला, "आई, हिलाबी मारू का?"

"मार रं बाबा," म्हटलं. "आता कुणाचं काम ऱ्हायलंय!"