मारीआजींची बाकावरची जागा

आमच्या घरात देव पूजेपुरता, आणि भुतंखेतं तर अजिबात नाहीत. नवरा इंजिनियर, मीही इंजिनियर. तरी हे लिहितेय, कारण त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखतंय... हो, जळतेय मी!

आम्ही जर्मनीत, झिंडेलफिंगेनजवळच्या एका खेड्यात भाड्याने राहतो. जर्मन सुधारावं म्हणून मी इथल्या चर्चच्या इतिहास मंडळात गेले आणि गुंतलेच. पूर्वी या चर्चमध्ये प्रत्येक घराची बाकावर ठरलेली जागा असे. बायका खाली, पुरुष वरच्या माडीवर, आणि सासूची जागा पुढे सुनेला. आम्ही राहतो त्या घराची जागा खिडकीजवळ होती. तिथे शेवटच्या बसल्या त्या याच घरातल्या मारीआजी. आम्ही यायच्या कितीतरी आधी त्या वारल्या. हे सगळं मी खणून काढलं, तरी गावाच्या लेखी मी भाडेकरूच. म्हणून त्या रविवारी पाहुण्यांना चर्च दाखवायचं काम मंडळाने मला दिलं, तेव्हा वाटलं, आता तरी हे लोक मला आपली म्हणतील.

तेव्हाच नाशिकहून मोठ्या जाऊबाई आल्या होत्या, मी त्यांना वहिनी म्हणते. जर्मनचा गंध नाही, पण जातील तिथे माणसं त्यांना चिकटतात. सासूबाईंपासून सगळ्यांच्या लाडक्या त्याच, हेच बघत आलेय.

दुपारी मी त्या बाकावर बसून जागांची पद्धत समजावत होते. वहिनी बाहेर फोटो काढत होत्या, त्या उशिरा आत आल्या. थेट माझ्याकडे आल्या, वाकल्या आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेला नमस्कार केला... पायांना हात लावून करतात तसा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चर्चची देखभाल करणारे म्हातारे हेर ओट, म्हणजे ओटसाहेब, विचारायला लागले, हे काय? मी वहिनींना विचारलं.

"अगं, आजी बसल्यात ना. वडीलधाऱ्या बाईला नुसतं हॅलो कसं म्हणायचं? मला 'हॉक दी ना' म्हणाल्या. करंगळीचं टोक नाहीये बिचारीचं."

मी ते जर्मनमध्ये सांगितलं आणि हेर ओट मटकन बसले. 'हॉक दी ना' म्हणजे इथल्या बोलीत 'बस की गं'. मारीआजी दारात येईल त्याला तेच म्हणत. आणि करंगळीचं टोक, ते म्हणाले, लहानपणी चारा कापायच्या यंत्रात गेलं होतं. हे मलासुद्धा ठाऊक नव्हतं, वहिनींना कुठून असणार?

मग काय, माझं इतिहासाचं भाषण राहिलं बाजूला. केक, कॉफी, आणि वहिनींभोवती घोळका. त्यांना पहिल्याच दिवशी नावाने हाक, मला मात्र तीन वर्षांनीही आडनावाने. राबायचं मी आणि आजी भेटणार यांना?

घरी चहा टाकताना न राहवून विचारलंच, "वहिनी, तुम्हालाच कशा दिसल्या? मला का नाही?"

"मला काय माहीत? मला वाटलं तुझ्या चांगल्या ओळखीच्या असतील. सगळा वेळ तुझा हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या."

याचा उलगडा मला अजून झालेला नाही. वहिनी नाशिकला परत गेल्या. मी दर रविवारी त्या बाकावर बसते, शेजारी जागा सोडून. हाताला काही म्हणजे काही जाणवत नाही. हात माझा, आणि आठवण मात्र वहिनींची.