भावाचं तर्कशास्त्र आणि माझा होकार

चर्चच्या रविवारच्या शब्बाथ शाळेतली बक्षिसं मीच मिळवायची. धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरावली मला अख्खी पाठ, आणि माझा धाकटा भाऊ खिडकीतून बाहेर बघत पाय हलवायचा. तरी ईश्वरविज्ञान शिकायला पाठवलं कोणाला? त्याला. बाबा आमच्या ख्रिस्ती मंडळीचे सुवार्तिक, म्हणजे गावोगाव येशूचा संदेश सांगणारे, होते, आणि मुलीलाही तिकडे पाठवता येतं हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. मी बालाघाटलाच राहिले, शाळेत हिंदी शिकवायला लागले, बाबा गेल्यावर आईला सांभाळत बसले. तो बाहेर जाऊन पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, झाला, मग पाळकांना शिकवणारा झाला. जळते मी त्याच्यावर. लपवायचं काय त्यात, घरात सगळ्यांना माहीत आहे.

मागच्या वर्षी तो मुलीच्या बाप्तिस्म्यासाठी घरी आला. आमच्याच देवळात, म्हणजे इथल्या चर्चमध्ये, आईच्या डोळ्यांसमोर करायचा असा त्याचा हट्ट. सोबत पिशवीभर पुस्तकं. मी विचारलं, बाप्तिस्म्याला आलास की परीक्षेला? तर बसला की समजावत! युरोपातल्या मठांमधल्या जुन्या पंडितांनी म्हणे ग्रीकांचं तर्कशास्त्र घेऊन देवाबद्दल बोलायची एक रीत बसवली होती. आधी शब्दाचा अर्थ बांधायचा, प्रश्नाचे नीट तुकडे करायचे, कारण कोणतं आणि साधन कोणतं ते वेगळं काढायचं. आपले प्रॉटेस्टंट सुधारक त्या पंडितांना शिव्या देत बाहेर पडले, आणि पुढे त्यांचेच चेले विद्यापीठांत बसून तीच रीत वापरायला लागले. वाद घालायचा तर दुसरं हत्यार होतं कुठं? सासूशी भांडून वेगळी चूल मांडली अन् भांडी तिचीच उचलून आणली, असं म्हणून तो हसला. हे मला सुचायला हवं होतं असं वाटून मी आणखीच चिडले.

आई मात्र त्या दिवसांत हसत नव्हती. आम्हा दोघांच्या आधी तिला एक मुलगा झाला होता. बाबा तेव्हा बैहरकडच्या गावांत काम करायचे, पण सुवार्तिकाला बाप्तिस्मा देता येत नाही, आणि पाळक तिकडे क्वचितच पोचायचे. ते यायच्या आधी पोर तापानं गेलं. मंडळीतल्या कुण्या म्हातारीनं आईला तेव्हाच ऐकवलं, की ज्या लेकरावर पाणी पडलं नाही त्याला देवाघरी जागा नाही. आमच्या मंडळीची शिकवण अशी नाही, पण आईच्या काळजात ते बसलं ते बसलंच. कुणाच्याही बाळाचा बाप्तिस्मा असला की ती धड जेवत नाही. मी तिच्याशेजारी बसून गीतं म्हटली, वचनं वाचली, देव दयाळू आहे हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. ती मान हलवायची आणि पदर डोळ्यांना लावायची. आता तर नातीच्या बाप्तिस्म्यालाही देवळात येणार नाही, असं तिनं धरून ठेवलं होतं.

भावाला हे कळलं तेव्हा ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. तो तिच्याजवळ जाऊन बसला. आईनं उभी हयात दवाखान्यात नर्सचं काम केलं, म्हणून त्यानं उदाहरण घेतलं ते सुईचं. आजार बरा करतं औषध, सुई ते फक्त पोचवते. तसं तारण देणारा देव, तो कारण, आणि पाणी हे साधन. साधन मिळालं नाही म्हणून कारणाचे हात बांधले जात नाहीत. सुई नसली तर डॉक्टर औषध तोंडानंही देऊ शकतो. आईचे हात थांबले. तिनं त्याला पुन्हा सांगायला लावलं. मग सूप बाजूला सारून तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली. इतकी वर्षं तिच्याजवळ मी बसले, आणि हा एका सुईवर मैदान मारून गेला! माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

तो बायकोला घेऊन बाजारात गेला, तशी मी त्याची पिशवी उघडली. चोरून कशाला, पलंगावरच तर पडली होती. पुस्तक त्याच्या त्या भांडी उचलणाऱ्यांबद्दलच होतं. इंग्रजी जड, पण मीही काही कच्ची नाही. आणि सापडलं. त्यांच्याच रीतीतला एक नियम: एखादी गोष्ट होऊ शकते, एवढ्यावरून ती झालीच असं ठरत नाही. देव पाण्याशिवाय तारू शकतो, कबूल. पण आमच्या त्या थोरल्या भावाला तारलंच, हे कशावरून? त्याला वेगळा आधार हवा, आणि तो आमच्या पंडितानं दिलाच नव्हता. भलंमोठं भगदाड! इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. चहाच्या वेळी सगळ्यांसमोर त्याला धरायचं असं मी पक्कं केलं.

चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेले तर आई मागून आली आणि दार लोटून घेतलं.

"तो म्हनते ते खरं हाय काय?"

मी म्हटलं, त्यालाच विचार, शिकलेला तो आहे.

"तो माह्यं मन राखासाठी बोलन," ती म्हणाली. "तू कोनाचंच मन राखत नाहीस. म्हनून तुले इचारते."

नियम माझ्या जिभेवर तयार होता. माझं बोलणं पटलं असतं तिला, त्याचंच तर भ्या वाटलं. जन्मात पहिल्यांदा आईनं त्याच्या बोलण्याचा निकाल माझ्याकडे मागितला होता, आणि तो मला त्याच्याच बाजूनं द्यावा लागणार होता.

"हौ," मी म्हटलं. "खरं हाय."

 ती फळीवरून कप काढायला लागली. बाहेर चहा पिताना भावानं विचारलं, ताई आज चूप काहून, तर मी म्हटलं डोकं दुखते.

रविवारी आई देवळात आली, पुढे बसली, नातीच्या डोक्यावर पाणी पडताना तिनं डोळे मिटले नाहीत. साक्षीच्या, म्हणजे मंडळीसमोर आपला अनुभव सांगायच्या, वेळी ती उभी राहिली. माझ्या पोरानं मला समजावलं, आता मला भीती नाही, असं तिनं सगळ्यांना सांगितलं. माना वळल्या, बायका भावाकडे कौतुकानं बघायला लागल्या. माझा उल्लेखही नाही. मग तिनं त्या पहिल्या लेकराचं नाव घेतलं. आमच्या घरात बाप्तिस्म्याआधी बाळाचं नाव उच्चारत नाहीत, त्यामुळे त्याचं ठरलेलं नाव तिनं कधी तोंडातून काढलंच नव्हतं. इतकी वर्षं तिच्याशेजारी बसून मला जे नाव ऐकायला मिळालं नाही, ते मी सगळ्या मंडळीबरोबर ऐकलं, भावाचं कौतुक होऊन गेल्यावर.