हात स्वस्थ, कान चालू

शुक्रवारी शेवटच्या तासाला बाई वर्गावर्गातून फिरून खडू गोळा करायच्या. फळ्याखालचे तुकडे, टेबलाच्या खणात घरंगळलेले, मुलांनी खिशात दडवलेले, सगळे. ते बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात जायचे. झाकण तळहातानं दाबून बसवलं जायचं आणि डबा कपाटावर चढायचा. मग हात झटकून बाई म्हणायच्या, "झालं! आता हात स्वस्थ, कान चालू." त्यानंतर शनिवार सरेपर्यंत त्या डब्याला हात लावायची कोणाची टाप नव्हती.

ग्वाल्हेरला आलात, तर खासगी बाजारातल्या त्या गल्लीत शाळेचं खरं नाव विचारू नका. रिक्षावाला तुमच्या तोंडाकडे बघत राहील. 'यहूदी स्कूल' म्हणा, थेट दारात आणून सोडेल. आत गेल्यावर तुम्हाला कळेल की शाळेत यहुदी म्हणाल तर एकच, त्या बाई. बाकी सगळे इथलेच. आमच्यासारखी कधीकाळी दक्खनेतून आलेली मराठी घरं, दौलतगंजच्या दुकानदारांची मुलं, मागच्या गल्लीतली मुसलमान मुलं.

बाईंचे आजोबा अलिबागकडचे. बेने इस्रायली माणूस, घरात मराठी आणि प्रार्थनेला हिब्रू. संस्थानच्या काळात दवाखान्यात नोकरी मिळाली म्हणून इकडे आले. त्यांच्या मागून आणखी चार कुटुंबं आली. पोरांना आपली अक्षरं कोण शिकवणार, या काळजीपोटी बाईंच्या वडिलांनी राहत्या घराच्या पुढच्या भागात पहिली ते पाचवी काढली. सकाळी हिब्रू प्रार्थना, मग बाराखडी, मग पाढे. शनिवार त्यांच्या धर्मातला विसाव्याचा वार, म्हणून बंद; रविवार चालू. पुढे ती कुटुंबं मुंबईला गेली आणि तिथून इस्रायलला. शेजाऱ्यांची मुलं आधीपासून येतच होती, ती येत राहिली. बाईंनी लग्न केलं नाही आणि वेळापत्रकही बदललं नाही.

मी गणित शिकवायला तिथे गेलो तेव्हा त्यांनी माझी पदवी पाहिलीच नाही. "शनिवारी काय करता?" एवढंच विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.

"छान. अवघड काम आहे ते. सोमवारपासून या."

मला वाटलं, थट्टा करताहेत. त्या थट्टा करत नव्हत्या. शनिवारी त्या लिहायच्या नाहीत, चूल पेटवायच्या नाहीत, दिव्याचं बटणसुद्धा दाबायच्या नाहीत, फोन वाजत राहिला तरी उचलायच्या नाहीत. "कोकणात आमचे तेलाचे घाणे होते," त्या मुलांना सांगायच्या. "शनिवारी घाणा बंद. म्हणून लोक आम्हाला शनिवार तेली म्हणायचे. बैलालासुद्धा सुट्टी! तो पण बसायचा, पाय पसरून." पाय पसरून बसलेल्या बैलाचं चित्र आमच्या पहिलीच्या वर्गात कायम कोणी ना कोणी काढलेलं असे.

कोणाला आपल्या धर्मात ओढावं, असं बाईंच्या मनातही नव्हतं. पण शाळा आपली म्हटल्यावर सणही शाळेचेच. पावसाळा सरला की त्यांच्या सणाचा मांडव गच्चीवर पडायचा. वर फांद्या अशा विरळ टाकायच्या की त्यातून तारे दिसले पाहिजेत. मुलं कागदी साखळ्या करायची, पेरू आणि केळी टांगायची, आणि दरवर्षी माकडं येऊन फळं घेऊन जायची. एकदा एका माकडानं साखळीच गळ्यात घालून पलीकडच्या कठड्यावर बैठक मारली. मी काठी शोधत होतो, तर बाई म्हणाल्या, "बसू द्या हो. पाहुण्याला मांडवात बोलवायचं असतं. हा न बोलवता आला, बरंच झालं." शुक्रवारी डबा बंद झाला की प्रत्येक मुलाला एक लहान पेला काळ्या मनुकांचं सरबत मिळायचं. घरी त्यावर त्या प्रार्थना म्हणत, शाळेत नुसतंच वाटत. मनुका रात्रभर भिजवून, हातानं कुस्करून, गाळून. माझ्या पेल्यात एखादी मनुका मुद्दाम राहू द्यायच्या.

आणि मग ती पालकसभा झाली.

रविवारच्या शाळेला लोक कंटाळले होते. मुलं कमी होत चालली होती. हरिशंकरपुरमचे एक वकील, त्यांचा मुलगा आमच्याकडे तिसरीत, ते उभे राहिले. माणूस वाईट नाही, पण कुठेही उभा राहिला की कोर्टातच उभा असतो. "बाई, संडेला सगळं घर घरी आणि आमचा पोरगा इथे! ऑटोवाला येत नाही, मला सोडायला यावं लागतं. आपकी श्रद्धा सर आँखों पर, पण शाळा मुलांसाठी आहे की शनिवारसाठी?"

शाळा शनिवारी उघडायची तर वडिलांची शाळा ती उरत नव्हती, आणि नाही उघडायची तर वर्षभरात शाळाच उरणार नव्हती. हे सभेतल्या प्रत्येकाला समजत होतं. दुसऱ्या दिवशी बाईंनी वकीलसाहेबांना बोलावून सांगितलं, "रविवारी सुट्टी. शनिवारी दार उघडं राहील. पण शनिवारी इथे कोणी लिहिणार नाही. मुलंही नाही, मास्तरही नाही."

"मग करणार काय?"

"ऐकतील. बोलतील. म्हणून दाखवतील. तुम्ही कोर्टात काय वेगळं करता?"

वकीलसाहेब हसले आणि प्रकरण मिटलं. नंतर मी हळूच विचारलं, "बाई, तुमच्यात हे चालतं का? कोणा धर्मगुरूला विचारलं?"

"विचारायला माणूस असता तर हा प्रश्नच कशाला पडला असता?" त्या म्हणाल्या. आणि मग, "मी शाळेत जात नाही ना, सर. मी माझ्या घरी बसलेली असते. मुलं मला भेटायला येतात." तसं म्हटलं तर खरंच होतं, शाळा त्यांच्या ओसरीपासूनच सुरू व्हायची. पण सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

शनिवारच्या वर्गावर माझा काडीचा विश्वास नव्हता. गणित काय ऐकून येतं? पहिल्या शनिवारी मी हात मागे बांधून उभा राहिलो आणि काय करावं सुचेना, तेव्हा आजोबांकडून पाठ केलेली पावकी आठवली. पाव, अर्धा, पाऊण असे ते जुने पाढे. म्हणायला लागलो. अडकलो की मुलं टाळ्या पिटायची. हळूहळू तीही म्हणू लागली. कोणी आजीची गोष्ट आणायचं, कोणी मोहल्ल्यातलं भांडण दोन्ही बाजूंच्या आवाजात करून दाखवायचं. मागच्या गल्लीतल्या एका मुलानं बाईंकडून ऐकलेली इब्राहीमची गोष्ट घरी जाऊन सांगितली, तर त्याचे वडील पुढच्या शनिवारी स्वतः आले, मागच्या बाकावर बसले आणि म्हणाले, "बाईजी, हमारे यहाँ ये किस्सा ज़रा अलग है।" मग ते सांगायला लागले आणि बाई गालावर हात ठेवून ऐकत राहिल्या.

शनिवारची खरी गंमत मात्र वेगळीच होती. आपण काम करायचं नाही आणि दुसऱ्याला 'माझ्यासाठी कर' असंही सांगायचं नाही, हा बाईंचा नेम. पण ग्वाल्हेरचा मे महिना कोणाचा नेम ऐकतो? मग त्या छताकडे बघून सहज म्हणायच्या, "आज कसं उकडतंय, नाही?" पाच-सहा मुलं पंख्याच्या बटणाकडे धावायची. "मी सांगितलं का लावायला? मी नुसतं उकडतंय म्हटलं!" बाई डोळे वटारायच्या आणि वाऱ्याखाली नीट सरकून बसायच्या. मुलांनी ही विद्या चटकन उचलली. वकीलसाहेबांच्या मुलाच्या वर्गातली रूही तर तिच्यात पटाईत. एरवी तिचं वाक्य मराठीत निघायचं आणि हिंदीत उतरायचं, "बाई, मी होमवर्क केला होता लेकिन कॉपी घर पे रह गई". पण शनिवारी ती बाईंसारखीच मान वर करून, अगदी निर्मळ मराठीत म्हणायची, "आज कोणाच्या तरी डब्यात गुळपोळी आहे, असा वास येतोय, नाही?"

इस्रायलहून बाईंच्या भाच्याचे फोन यायचे. मावशी, इकडे ये, एकटी काय करतेस तिथे? बाई मला सांगायच्या, "तिकडे शनिवार आपोआप होतो. बस बंद, दुकानं बंद, सगळं गावच स्वस्थ. मी जाऊन करू काय? इथे मला तो करावा लागतो." आणि एकदा, खडूंचा डबा मांडीवर घेऊन, असंच बोलता बोलता, "या गावात मी शेवटची, सर. माझ्यामागे शनिवार कोण करणार?" मी ब्राह्मणाचा मुलगा, माझ्या घरचे एकादशी-संकष्टीचे उपास मीच टाळत आलेलो. मी कोणत्या तोंडानं हो म्हणणार?

मग बाईंच्या कंबरेचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण जिना संपला, गच्ची संपली, आणि मनुका कुस्करायला उभं राहणंही संपलं. भाचा न्यायला आला. पालकांची समिती करून शाळा तिच्या हाती दिली, वकीलसाहेब अध्यक्ष झाले. निघायच्या आदल्या दिवशी, शुक्रवार नव्हता तरी, बाईंनी सगळे खडू गोळा करायला लावले. डब्यात भरले, झाकण दाबलं आणि डबा माझ्या हातात दिला. मला वाटलं, आता काही मागतील. त्या माझ्या खांद्यावरून कपाटाकडे बघत म्हणाल्या, "हे कपाट चांगलं उंच आहे, नाही?"

"हो, बाई."

"तेच म्हटलं."

बस, एवढंच. त्यांनी काही सांगितलं नाही, मी काही कबूल केलं नाही. रिक्षात बसताना भाच्याचा हात धरून त्यांनी वळून पाहिलं, तर दारात सगळी शाळा उभी होती आणि कोणीही हात हलवत नव्हतं. सगळ्यांना रडू येत होतं. मलाही आलं.

महिनाभर जुनंच चाललं. मग एका गुरुवारी वकीलसाहेब आले. "सर, अब देखिए, बाई होत्या तोवर आम्ही मान राखला. आता ते धरून ठेवण्यात काय मतलब आहे? शनिवारी युनिट टेस्ट सुरू करू. बाकीच्या शाळांत होतात, आपली मुलं मागे पडतील." त्यांचं म्हणणं चूक आहे असं मला दाखवून देता येईना. नोकरी माझी होती, शाळा त्यांची झाली होती. मी मान हलवली. शुक्रवारी खडू गोळा करायलाही मी फिरलो नाही, कारण उद्या लागणारच होते. पण शेवटच्या तासाला पाहतो तो फळ्याखाली एकही तुकडा नाही. डबा भरून, झाकण बसवून, कपाटावर गेलेला. कोणी केलं, ते मी विचारलं नाही.

शनिवारी सकाळी मी स्टुलावर चढून डबा खाली काढला आणि चौथीच्या वर्गात गेलो. प्रश्न फळ्यावर लिहायचे होते. "वह्या काढा," मी म्हटलं. आवाज माझा मलाच परका वाटला. कोणी वही काढली नाही. उद्धटपणा नव्हता त्यात. मुलं हात मांडीवर ठेवून बसली होती. वकीलसाहेबांचा मुलगा आता चौथीत आलेला, तोही तसाच. मी झाकण उघडायला गेलो. बाईंनी दाबावं तसंच कोणीतरी दाबलेलं, निघेना. नखानं उचकटत होतो तेवढ्यात रूहीनं मान वर केली आणि पंख्याकडे बघत, कोणालाच उद्देशून नाही अशा सुरात म्हणाली,

"आज कसं शनिवारसारखं वाटतंय, नाही?"

हिंदीचा एक शब्द नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "हो ना." आणि सगळे माझ्याकडे न बघता छताकडे बघत राहिले.

मी डबा टेबलावर ठेवला. मग उचलला, ऑफिसात गेलो, स्टुलावर चढलो आणि तो कपाटावर होता तिथे ठेवून आलो. वकीलसाहेबांना काय सांगायचं ते सोमवारी बघू, असं ठरवलं. परत वर्गात आलो तेव्हा मुलांनी पावकी सुरू केली होती आणि माझ्याहून कमी अडखळत होती.

हे बाईंना ताबडतोब सांगावं असं मला इतकं वाटलं की मी दाराशी येऊन फोन हातात घेतला, त्यांचं नाव काढलं. मग आठवलं. तिकडेही शनिवारच होता. त्या काही फोन उचलणार नव्हत्या.