धारोष्ण दूध आणि माझा मेंदूज्वर

ईशा आणि निहार, मे महिन्यात तुम्ही येणार आणि आल्या दिवशीच आजोबा तुम्हाला म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला दूधकट्ट्यावर नेणार, हे ठरलेलं आहे. म्हणून आताच लिहिते.

"बॅक्टेरियल मेनिन्जायटिस," माझ्या आजाराचं नाव सांगत डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे मेंदूभोवतीच्या आवरणाला जंतूंमुळे आलेली सूज. पाठीच्या कण्यातून सुईने पाणी काढून तपासतात, त्याला लंबर पंक्चर म्हणतात. माझ्या त्या पाण्यात लिस्टेरिया नावाचा जंतू सापडला.

त्याआधी ताप होता, मान वाकत नव्हती आणि मी चहाच्या कपाला छत्री म्हणत होते. "वयानं होतंय," म्हणून आजोबांनी सोडून दिलं. तुमच्या आत्याने सोडलं नाही. तिने मला रिक्षात घातलं, म्हणून मी आहे.

आयसीयूबाहेर नातेवाइकांनी कारणं ठरवून टाकली : डास, ऊन, जागरण. शेजारच्या मालूताई दारातूनच परतल्या. "लागतंय म्हणं!"

डॉक्टरांनी नीट सांगितलं. या आजाराचे काही जंतू खोकल्या-थुंकीतून जवळच्या माणसांना लागतात. काही वेळा कानातला संसर्ग आत पसरतो. लिस्टेरिया मात्र बहुधा खाण्यापिण्यातून येतो. म्हातारी माणसं, गरोदर बायका आणि तान्ही बाळं यांना त्याचा धोका जास्त.

"कच्चं दूध पिता?"

रोज संध्याकाळी. म्हशीच्या कासेतून थेट पेल्यात, फेसासकट. आपल्याकडे त्याला टॉनिक समजतात.

शिरेतून अँटिबायोटिक बरेच दिवस चाललं. हळूहळू शब्द जागेवर आले. घरी आल्यावर काठी घेऊन मी आजोबांबरोबर कट्ट्यावर गेले.

"आज्जी, माझ्या म्हशीला नावं ठेवू नका," गवळी ओरडला. "सगळं कोल्हापूर पितंय की!"

"पिऊ दे. ॲडमिट मी झालते."

"माझ्याच दुधानं, कशावरनं?"

"ते डॉक्टरलाही सिद्ध करता येत नाही. पण मी पीत होते ते तुझंच. आता किटलीत दे. उकळून पिणार."

लोक हसले. आजोबा दुसरीकडे बघत राहिले. घरी येऊन म्हणाले, "पोरांना एकदा तरी चव कळू दे की."

"व्हय, आयसीयूचीपण कळू दे," मी म्हटलं.

तेव्हा पोरांनो, आजोबांनी कितीही लाडाने पेला पुढे केला, तरी नाही म्हणायचं. मोठ्यांचा मान दुसऱ्या कशात तरी राखा. ते रुसले तर माझ्याकडे पाठवा.

या आजारात माझा डावा कान गेला, तो गेलाच. उजवा शाबूत आहे. जीभ त्याहून शाबूत आहे.