चंद्रभानभाऊंची अंदमानची पेटी

चंद्रभानभाऊंना काळ्या पाण्याची शिक्षा झाली, ही बातमी त्या सकाळी वाडीच्या गल्लीत दूधवाल्याच्याही आधी पोचली. उगम अर्थातच यमुताईंचा ओटा. समोर भाऊंच्या पडवीत त्यांनी लोखंडी पेटी पाहिली, पेटीवर काळ्या रंगानं लिहिलेलं 'पोर्ट ब्लेअर' वाचलं, आणि खटला चालवून निकालही देऊन टाकला. दुपारपर्यंत गुन्हा ठरवायचं काम बाकीच्यांनी केलं. कुणी म्हणे गोदामातलं कापड लांबवलं, कुणी म्हणे बाईची भानगड. बायको जाऊन सहा वर्षं झालेला, एकट्यापुरत्या तीन भाकरी थापून त्यातली एक सकाळसाठी झाकून ठेवणारा माणूस. त्याच्या नावावर एखादी बाई लागली, याचं गल्लीला खरं तर कौतुकच वाटलं.

खरं एवढंच होतं, की भाऊ लेकीकडे सुटीला निघाले होते. रुख्मिणीचा नवरा अंदमानात बंदराच्या कचेरीत नोकरीला. लग्नाला तीन वर्षं झाली, पोरगी एकदाही माहेरी आली नव्हती. अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीत तिचं पत्र आलं, "बाबा, एकदा या. समुद्र तरी पाहाल." गावाकडच्या कुहीच्या तळ्याहून मोठं पाणी न पाहिलेल्या भाऊंनी ते पत्र चार वेळा वाचलं आणि महिनाभराची रजा मागून ठेवली.

भाऊ ट्रान्सपोर्टच्या गोदामात पॅकर. गोणपाट, सुतळी आणि दाभण हातात आलं की त्यांच्यासारखा माणूस अमरावती रोडवर दुसरा नव्हता. त्यांनी बांधलेल्या काचेच्या बरण्या मद्रासपर्यंत गेल्या तरी ओरखडा उठत नसे. पण एवढी वर्षं पाठवला तो दुसऱ्याचा माल. आता पहिल्यांदा स्वतःचा बांधायचा, म्हणून हात जरा जास्तच चालले. नागपूरची थंडी पडली होती. त्यांनी दुलई घातली, दोन स्वेटर, कानटोपी, लेकीसाठी लोकरीची शाल, जावयासाठी मोजे. वर गोणपाट शिवलं, समोरची बाजू तेवढी उघडी ठेवून पत्र्यावर नाव रंगवलं.

"भाऊ, बेटावर चालले का हिमालयात?" खरं कळल्यावर यमुताईंनी विचारलं.

"चहूकडून पानी हाये वं बाई. थंडी कशी वाजन, विचार करा ना."

पत्राला यायला-जायला जहाज लागे. भाऊंनी येण्याचं आणि बांधलेल्या दुलईचं कळवलं होतं, त्याला वीस दिवसांनी उत्तर आलं. रुख्मिणीनं लिहिलं होतं, "बाबा, इथं थंडी नसतेच, पौषातही पंखा लागतो. पण सध्या क्वार्टरची दुरुस्ती काढलीय. उन्हाळ्यात या."

भाऊंनी शिवण उसवली. दुलई परत खाटेवर गेली.

चैत्र लागला तशी पेटी पुन्हा भरली. आता त्यात पांढरा दुपट्टा, लू लागू नये म्हणून खिशात ठेवायचे कांदे, पन्ह्यासाठी कैऱ्या, आणि लेकीच्या खिडकीला लावायला, पाणी शिंपडलं की गार हवा देणारी वाळ्याची गुंडाळलेली टट्टी. टट्टी पेटीत मावेना, तेव्हा तिच्यासाठी वेगळी गोणी शिवली. गल्लीतून जाणारा जो तो वाकून वास घेई आणि म्हणे, "वा भाऊ, अंदमान तर आत्ताच थंड झालं!"

पत्र आलं. तिथं लू नसते. पण पाण्याची फार टंचाई आहे, नळ दोन दिवसांआड येतो. पावसाळ्यात या.

पावसाळ्यात भाऊंनी ताडपत्री घेतली, छत्री घेतली, घोंगडी घेतली. पत्र आलं, समुद्र खवळलाय, जहाजात तुमचे हाल होतील. जरा थांबा.

भाऊ थांबले. गल्ली हसत राहिली आणि तेही हसत राहिले. "तिथले मोसम आपल्यासारखे नाही ना गा," ते कोपऱ्यावरच्या दुकानावर सांगत. "पोरीले काळजी हाये म्हनून लिहिते." पण संध्याकाळी गोदामातून आले की कुलूप उघडायच्या आधी दाराच्या फटीत बोट फिरवून पाहत, पोस्टमननं काही सरकवलंय का.

दसऱ्याच्या सुमारास धरमपेठेतले मनोहरराव दारात उभे राहिले. जावयाच्याच कचेरीतले, सुटीवर घरी आलेले. रुख्मिणीनं त्यांच्याबरोबर शंख-शिंपल्यांची पिशवी पाठवली होती. भाऊंनी त्यांना एकुलत्या खुर्चीवर बसवलं, चहा टाकला आणि मनात होतं ते विचारून घेतलं, "तिथं यायले कोनता मोसम चांगला, साहेब?"

"मोसमाचं काय मोठं?" मनोहरराव म्हणाले. "लोक बारा महिने येतात. तुमचे व्याहीच पाहा ना, विहीणबाईंना घेऊन गेल्या दिवाळीपासून तिथंच आहेत. उन्हाळा, पावसाळा सगळा काढला. क्वार्टर काय, दोनच खोल्या, पण विहीणबाईंचा दरारा असा, की तुमची रुख्मिणी शेजारीसुद्धा विचारून जाते."

चहा उतू गेला. भाऊंनी पातेलं उतरवलं, उरलेला चहा पाहुण्याच्या कपात ओतला आणि त्यांच्या घरच्यांची खुशाली विचारली.

पाहुणे गेल्यावर ते बराच वेळ शिंपले मांडीवर घेऊन बसले. दोन खोल्या. व्याही-विहीण वर्षभर मुक्कामाला. त्यात मुलीचा बाप गोणपाटात शिवलेली पेटी घेऊन दारात उभा राहिला, तर विहीणबाई काय बोलतील, आणि ते कुणाला ऐकावं लागेल, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. 'या' लिहिणारी पोरगी खोटी नव्हती. 'थांबा' लिहिणारीही नव्हती.

दिवाळीच्या तोंडावर तिचं पत्र आलं. "बाबा, या थंडीत बघा. जमवूच काहीतरी." भाऊंनी त्याच दिवशी उत्तर टाकलं, "डॉक्टर मले जहाजाचा प्रवास करू देत नाही. तू काही जमवू नको. सुखात राहा." कोणत्याच डॉक्टरची पायरी ते त्या वर्षी चढले नव्हते.

दुसऱ्या सकाळी ते पडवीत बसून पेटीवरचं नाव पत्र्याच्या तुकड्यानं खरवडत होते. यमुताई ओट्यावरून उतरून जवळ आल्या.

"काहून गा भाऊ, पुसून राहिले? जहाज बुडालं का पोरीनंच नाही म्हटलं?"

भाऊ खरवडत राहिले. 'ब्लेअर' गेलं होतं, 'पोर्ट' अजून निघत नव्हतं.

"तिनं नाही म्हटलं नाही वं बाई. तिच्यावर नाही म्हनाची पाळी येऊ नाही, म्हनून मीच म्हटलं."