हयात माणसावर एक पान

दशक्रियेच्या भाषणांचा मला तरुणपणापासून राग आहे. आमच्या जुन्नर-आंबेगावकडे माणूस गेलं की दहाव्या दिवशी नदीच्या घाटावर सगळा गोतावळा जमतो. आधी प्रवचन होतं, मग माईकवर श्रद्धांजली. बोलणारे बदलतात, भाषण मात्र तेच. गेलेला माणूस मनमिळाऊ असतो, त्याने काबाडकष्ट करून मुलांना वाढवलेलं असतं आणि त्याच्या जाण्याने गावाची कधीही न भरून येणारी हानी झालेली असते. जन्मभर बांधावरून भावाशी भांडलेला माणूसही त्या माईकवर मनमिळाऊ होऊन जातो. मी निरगुडसरचा, मराठीचा मास्तर, आणि स्वभावाने जरा तापट. मागच्या रांगेत बसून मी मनातल्या मनात लाल पेन चालवत असायचो. शेजारी बसलेला चुलतभाऊ मला कोपराने ढोसायचा, की राव, तोंड तरी सरळ ठेवा.

निवृत्त झालो तेव्हा घोडेगावच्या एका वाचनालयाने वरची खोली रविवारी दुपारी वापरायला दिली. मोठ्या माणसांसाठी लेखनाचा वर्ग घ्यायचा, ही माझी जुनी हौस. बायको म्हणाली, "बरंच झालं. नाहीतरी घरात बसून तुम्ही माझ्याच बोलण्यात चुका काढता." मी खडूने बोर्ड लिहिला: प्रौढांसाठी लेखन कार्यशाळा, वयाची अट नाही. मला वाटलं, तीन-चार सेवानिवृत्त मास्तर येतील आणि एकमेकांच्या कविता ऐकून कंटाळतील. आली ती वेगळीच माणसं.

ती खोली आठवली की अजून मन तिथेच घुटमळतं. भिंतीला जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे, वर कुरकुरणारा पंखा, खिडकीतून एसटी स्टँडवरची घोषणा. खालच्या हॉटेलातून किटली यायची आणि चहा ओतायचं काम एका निवृत्त कंडक्टरने आपणहून घेतलं होतं. धावत्या गाडीत तिकिटं फाडण्यात त्याचं आयुष्य गेलेलं, त्यामुळे त्याच्या हातून चहाचा थेंब सांडायचा नाही. आठ-नऊ जण असायचो. चाळिशी, पन्नाशी, साठी ओलांडलेली माणसं वह्यांना प्लॅस्टिकचं कव्हर घालून यायची आणि मी 'लिहा' म्हटलं की हाताच्या आडोशाने लिहायची, शेजारच्याने बघू नये म्हणून.

पहिल्या रविवारी मी सांगितलं, "घरातल्या एका माणसावर पानभर लिहून आणा. मोठं माणूस नको, रोज दिसणारं हवं."

दुसऱ्या रविवारी एकेकाने वाचायला सुरुवात केली आणि माझं डोकं फिरायची वेळ आली. सगळ्यांनी श्रद्धांजली लिहून आणली होती. मनमिळाऊ, कष्टाळू, भरून न येणारी हानी. कंडक्टरने तर बायकोवर लिहिलं होतं आणि शेवटचं वाक्य होतं, 'त्यांच्या जाण्याने आमचे घर पोरके झाले.'

मी गडबडलो. हळूच विचारलं, "वहिनी कधी गेल्या?"

"गेली कुठं?" तो म्हणाला. "सकाळी डबा करून दिलाय तिनं मला."

"मग हे काय लिहिलंय?"

त्याने वहीत पुन्हा बघितलं आणि तो ओशाळला. "वाहवत गेलो सर. माणसाबद्दल चांगलं बोलायचं म्हणजे असंच बोलत्यात ना. आमच्या बौद्ध समाजात दशक्रिया नाय, पुण्यानुमोदन असतं. पर मनमिळाऊ तिथंबी असतोच."

खोलीभर हसू पसरलं, मीही हसलो. पण घरी जाताना स्कूटरवर तेच डोक्यात होतं. या माणसांनी जन्मात कधी एखाद्या माणसाबद्दल चारचौघांत चांगलं बोललेलं ऐकलं असेल, तर ते घाटावरच. जिवंत माणसाबद्दल आपल्याकडे कोणी बोलतच नाही. मला माझीच थोडी लाज वाटली, कारण इतकी वर्षं मी फक्त त्या भाषणांची भाषा तपासत होतो.

तेव्हापासून वर्गाचा एकच नियम झाला. पान हयात माणसावर लिहायचं, त्यात एकच दिवस सांगायचा, आणि लिहून झालं की त्या माणसाला वाचून दाखवायचं. मनमिळाऊ हा शब्द जो लिहील त्याने सगळ्यांना भजी द्यायची. पहिल्या महिन्यात आम्ही भजी खूप खाल्ली.

कंडक्टरने पुन्हा लिहिलं. भीमाशंकरची गाडी घेऊन तो घरावरून जायचा तेव्हा ड्रायव्हर एक हॉर्न द्यायचा आणि बायको दारात येऊन उभी राहायची. हात कोणीच हलवायचं नाही. गाडी वळणावर दिसेनाशी झाली की ती आत जायची. इतकंच पान होतं. ते त्याने घरी वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "तो ड्रायव्हर मेला हॉर्न लई मोठ्यानं वाजवायचा. पोरं उठायची." हे सांगताना कंडक्टरचे डोळे भरले होते आणि आम्ही सगळे चहाच्या कपात बघत होतो.

त्याच दिवशी शिनोलीची एक बाई, जी घरी ब्लाउज शिवायची आणि वर्गात सगळ्यांत कमी बोलायची, वर्ग सुटल्यावर मागे थांबली. तिने आईवर पान लिहिलं होतं. तेही पहिल्या खेपेच्या साच्यातलंच, पण तिने ते बदललं नव्हतं.

"सर," ती म्हणाली, "आमची आई माझ्यापाशीच असती. मी एकलीच लेक. डॉक्टर म्हणले, आता हृदय लई थकलंय, फार दिवस धरू नका. मला तिला एक सांगायचंय. चाळीस वर्सं झाली, तोंडातून निघत नाय. तुमच्या कंडक्टरभाऊंनी वाचून दाखवलं ना, तसं लिहिलं तर वाचता तरी येईल."

"काय सांगायचंय?"

तिने हातातली वही पिशवीत घातली. "लिवून आणते," म्हणाली.

दोन रविवार तिने नुसतीच वळणं घेतली. आई कशी राबायची, आई कशी झिजली. मी तापट माणूस, दोन्ही वेळा वही परत केली. "ताई, हे घाटावरचं झालं. एक दिवस सांगा, एकच." तिसऱ्या रविवारी तिने वही माझ्यासमोर ठेवली आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन एसटी स्टँडकडे बघत उभी राहिली.

पान असं होतं. ती सातवीत होती. डोंगरातल्या वाडीवरून खाली शिनोलीला शाळेत चालत यायची. भात आवणीचे, रोपं लावायचे दिवस होते. सकाळी ती भाकरी घरीच विसरली, म्हणून आई खाचरातली आवणी सोडून ती भाकरी घेऊन शाळेत आली. डोक्यावर पानांचं इरलं, लुगडं वर खोचलेलं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. वर्गाच्या दारात उभी राहिली तेव्हा शेजारच्या मुलीने विचारलं, ही कोण गं? आणि ही म्हणाली, "आमच्या वाडीतली बाई हाय." आई दोन पावलांवर होती. तिने भाकरीचं फडकं दारातल्या दगडावर ठेवलं आणि ती गेली. त्यानंतर ती शाळेच्या दारात कधीच आली नाही. भाकरी कधी राहिली तर दुसऱ्या कुणाच्या हाती यायची. त्या गोष्टीबद्दल आई एक शब्द बोलली नाही आणि लेकीनेही काढला नाही.

इतक्या वर्षांच्या मास्तरकीत मी हजारो वह्या तपासल्या असतील. असं पान माझ्या हातात आलं नव्हतं. मी तिला सांगायला हवं होतं, की आत्ताच्या आत्ता घरी जा आणि वाच. मी म्हणालो, "ताई, वही चार दिवस माझ्याकडे राहू दे. थोडी सफाई करतो."

सफाई! आज तो शब्द आठवला तरी मला माझा संताप येतो. पुढच्या रविवारी आमच्या घरात लग्न होतं, म्हणून वर्ग झाला नाही. मी रोज ते पान काढून बसायचो. इथे स्वल्पविराम, तिथे शब्द मागेपुढे. पहिलंच वाक्य होतं, 'त्या दिवशी पाऊस लई व्हता.' मी ते लाल पेनने खोडलं. शाळेत पावसाळ्यावरचे निबंध तपासून माझं डोकं पिकलेलं, त्यामुळे पाऊस दिसला की माझा हात आपोआप चालतो. मग ते पान मी माझ्या अक्षरात सुवाच्य उतरवूनही काढलं. खरं सांगायचं तर मला ते सोडवत नव्हतं. आपल्या वर्गातून असं काही निघालं, याचा मला गर्व झाला होता.

मंगळवारी तिचा फोन आला. "सर, ती वही पायजे व्हती."

"काम चाललंय ताई. रविवारी घेऊन येतो."

"बरं सर," ती म्हणाली.

आई आता नुसत्या पेजेवर आहे, हे ती बोलली नाही. आमच्याकडे मास्तरला कोणी उलटून मागत नाही. मास्तरने वही ठेवून घेतली म्हणजे ती त्याची. निरगुडसरहून शिनोली स्कूटरवर तासाभराची वाट, मी उठून गेलो असतो तर काय बिघडलं असतं?

शनिवारी सकाळी वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कंडक्टरचा निरोप आला, की आपल्या शिनोलीच्या ताईंची आई काल गेली. मी फोन खाली ठेवला आणि टेबलावरच्या वहीकडे बघत बसलो. बायकोने विचारलं काय झालं. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "वही घेऊन जा आणि तिच्यापुढे चूक कबूल करा." एवढंच. माझ्या बोलण्यात चूक काढायची संधी तिला पहिल्यांदाच मिळाली होती, पण तिने ती घेतली नाही.

दशक्रियेला मी कंडक्टरला मागे बसवून गेलो. घाटावर मांडव, समोर हार घातलेला म्हातारीचा फोटो, सतरंज्या, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. प्रवचन संपलं, मग माईक फिरू लागला. ज्यांनी त्या म्हातारीला उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं, असे दोन-तीन जण ती किती मनमिळाऊ होती ते सांगून गेले. बायकांच्या हातात माईक गेला नाही. जात नाहीच सहसा. त्या दिवशी मला तोंड वाकडं करायचा धीर झाला नाही. मीही त्यांच्यातलाच एक होतो, बोलायचं ते वेळेवर बोलू न देणारा.

ती मांडवाच्या कडेला, पाण्याकडे उतरणाऱ्या पायरीवर बसली होती. मी जवळ गेलो. शाळेत मुलांना कान धरायला लावणारा माणूस मी, त्या दिवशी पाळी माझी होती. वही पुढे केली आणि म्हणालो, "ताई, माझ्यामुळे राहिलं. मी फार मोठी चूक केली."

तिने वही घेतली, मांडीवर ठेवली. रडून रडून चेहरा उतरला होता, पण आवाज शांत होता.

"राहिलं नाय सर. वही नव्हती, मग तोंडानंच सांगितलं. गुरुवारी दुपारी. तिला पेज भरवत व्हते. तुमी म्हणायचा ना, एकच दिवस सांगा. तसाच सांगितला, भाकरीपासून."

"मग?"

"ऐकून घेतलं सगळं. मग माझ्या हातावर हात ठिवला आन् म्हणली, त्या दिवशी पाऊस लई व्हता गं. तू काय म्हणलीस ते मला ऐकूच आलं नाय."

मी तिच्या मांडीवरच्या वहीकडे बघितलं.

"ती दोन पावलांवर व्हती सर," ती म्हणाली. "तिनं ऐकलं व्हतं. शाळेत परत कधी आली नाय ती."

मांडवात टाळ्या नव्हत्या, पण माईकवरचा आवाज चढला होता. तिने वही उघडली. माझ्या लाल पेनने भरलेलं पान बघितलं, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही वळ तुमी खोडली व्हती का?"

"हो."

"परत घातली तर चालंल?"

मी खिशातलं पेन काढलं. लिहून देणार होतो, सवयीने. मग थांबलो आणि ते तिच्या हातात दिलं.

आता तो वर्ग नाही. वाचनालयाने त्या खोलीत स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका केली, आणि ते योग्यच झालं. कंडक्टर कधी स्टँडवर भेटतो तेव्हा आम्ही खालच्या हॉटेलात बसतो आणि भजी मागवतो. पण मला त्या सगळ्या रविवारांपेक्षा ती घाटाची पायरीच जास्त आठवते. तिने वही गुडघ्यावर धरली होती. खोडलेल्या ओळीच्या वर थोडी जागा होती, तेवढ्यात तिने सावकाश, ब्लाउजला हूक लावावा तशी एकेक अक्षर लावत ओळ लिहिली: त्या दिवशी पाऊस लई व्हता. मग पेन मला परत दिलं आणि ते पान तिने आईच्या फोटोपुढे जाऊन वाचलं, हातात माईक नसताना, आईला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात.